लकवा, डोक्याचा मार आणि त्यानंतरचं अंग: मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तालुक्याच्या गावी बसते आणि आसपासच्या खेड्यांत, तांड्यांवर पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेते. खालचे प्रश्न तिथेच विचारले जातात, बहुतेक वेळा मी निघताना, उंबऱ्यात. उत्तरं वाचून कुणी गोळी सुरू करू नये की बंद करू नये, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण अंग कसं धरायचं, घास कसा भरवायचा, बाजेवरून कसं उठवायचं हे डिस्चार्जच्या गडबडीत सांगायचं राहून जातं, आणि पेशंटचं पुढचं आयुष्य बरंचसं त्यावरच ठरतं. म्हणून तो भाग इथे जास्त सविस्तर आहे.

अंगावरून वारं गेलं म्हणजे नेमकं काय झालं? हातापायाच्या नसा सुकतात का?

हातापायाला काहीच झालेलं नसतं. बिघाड मेंदूत होतो. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त नेणारी वाहिनी गुठळी अडकून बंद पडते किंवा फुटते, आणि तो भाग काही मिनिटांतच मरायला लागतो. शंभरातल्या सुमारे ८५ लोकांत वाहिनी बंद पडलेली असते, बाकीच्यांत रक्तस्राव झालेला असतो. मेंदूकडून निघालेल्या चालनेच्या तारा मानेच्या वर एकमेकींना ओलांडून जातात. त्यामुळे उजव्या मेंदूला इजा झाली की डावं अंग जातं आणि डाव्या मेंदूला झाली की उजवं.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की हात हलत नाही म्हणून लोक महिनोन्‌महिने हातालाच तेल चोळत राहतात. चोळल्याने बरं वाटतं, कातडी चांगली राहते, एवढंच. हात परत हलायचा तर मेंदूने तो हलवायला नव्याने शिकलं पाहिजे, आणि ते शिकणं पेशंटने स्वतः प्रयत्न केल्याशिवाय होत नाही.

लकवा आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तोंड, हात, बोलणं. हसायला सांगा, ओठ एका बाजूला ओढला जातो का बघा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक हात आपोआप खाली येतो का बघा. एखादं साधं वाक्य बोलायला लावा, जीभ जड होते का, भलताच शब्द येतो का ऐका. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी निघायचं. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी, हीसुद्धा लक्षणं आहेत. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. लकव्यात बहुतेकांना काहीच दुखत नाही, हेच त्यातलं धोक्याचं आहे.

मग सगळ्यात आधी न्यायचं कुठे? गावातल्या डॉक्टरांकडे एक सलाईन लावून घेतलं तर?

सलाईनमध्ये वेळ घालवू नका. जिथे सिटी स्कॅन आत्ता चालू आहे तिथे न्यायचं. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून बघून जगातल्या कुठल्याच डॉक्टरला खात्रीने सांगता येत नाही, आणि दोघांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्यांची नावं. तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिलं तर जीव जाईल. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढता येते. त्याला साधारण सहा तास, आणि निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत मुदत असते. पण ती सोय मोठ्या शहरांतच.

मोठी वाहिनी बंद राहिली तर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. आता आपल्याकडची वाट धरा: वावरातून घरी, घरून तालुक्याला, तालुक्याहून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला. प्रत्येक थांब्यावर तास जातो. म्हणून आधी फोन. १०८ ची गाडी मोफत आहे. ती यायला उशीर असेल तर शेजाऱ्याची गाडी काढा, आणि वाटेत असतानाच दवाखान्यात फोन करून सिटी स्कॅन चालू आहे का आणि लकव्याचं इंजेक्शन मिळेल का, हे दोनच प्रश्न विचारा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, लातूरची विलासराव देशमुख संस्था ही मोठी सरकारी ठिकाणं. आपल्या गावाला यातलं कोणतं जवळ आहे आणि कुठल्या रस्त्याने जायचं, हे घरात बीपीचा पेशंट असलेल्या प्रत्येकाने आजच ठरवून ठेवावं. धाराशिवच्या दक्षिणेकडच्या लोकांना सोलापूर जवळ पडतं, तिथे जिल्ह्याची हद्द बघत बसू नका.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो वेळेचा. "शेवटचं चांगलं कधी पाहिलं होतं?" रात्री दहाला जेवून झोपले आणि पहाटे पाचला हात हलत नव्हता, तर घड्याळ रात्री दहापासून धरतात. तरी "आता वेळ गेली" असं स्वतःच ठरवून घरी थांबू नका. काही तपासण्या करून अशाही पेशंटला उपचार देता येतात.

वाटेत तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, गोळीसुद्धा नाही. गिळणं बिघडलेलं असेल तर ते थेट फुप्फुसात जातं. छातीत दुखताना ॲस्पिरिन देतात हे ऐकून काही जण इथेही देतात. रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. बीपीची जादा गोळीही देऊ नका. कुशीवर झोपवा आणि निघा.

आमच्याकडे एक जण लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतो. कबुतराचं रक्त चोळून पुष्कळ लोक बरे झालेत म्हणतात.

पुष्कळ लोक बरे होतात हे खरं आहे. सौम्य झटका आलेल्यांचं अंग काहीही केलं नाही तरी पहिल्या काही आठवड्यांत बरंच परत येतं, आणि त्याचं श्रेय त्या दिवसांत जे काही चाललं असेल त्याला मिळतं. कबुतराच्या रक्ताने मेंदूतली गुठळी सुटत नाही. मला राग येतो तो रक्ताचा नाही, त्यात गेलेल्या तासांचा. शंभर किलोमीटर उलट्या दिशेला जीप करून औषध घेऊन आलेले लोक मी बघते. इंजेक्शनची वेळ त्या जीपमध्येच संपलेली असते.

नंतर देवाला नेऊन आणा, अंगारा लावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त सिटी स्कॅन आधी. आणि एक नक्की टाळा: गरम विटेचा, रुईच्या पानांचा शेक. लकव्याच्या बाजूला पुष्कळांना चटका कळत नाही. शेकता शेकता फोड येतात आणि ती जखम महिनाभर चिघळते.

दहा मिनिटं हात गेला, तोंड वाकडं झालं, मग सगळं आपोआप ठीक झालं. तरी जायचं का?

त्याच दिवशी जायचं. गुठळी येऊन सुटून गेली, असा त्याचा अर्थ. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो. आज गोळ्या सुरू झाल्या तर तो टळू शकतो.

फक्त तोंड वाकडं झालंय, हात-पाय ठणठणीत आहेत. हा लकवाच का?

बऱ्याचदा नसतो. चेहऱ्याची एकच नस सुजल्यानेही तोंड वाकडं होतं. अशा वेळी त्या बाजूचा डोळा मिटत नाही आणि भुवया वर केल्या तर कपाळाला आठ्या पडत नाहीत. मेंदूतल्या लकव्यात सहसा आठ्या पडतात, फक्त खालचा अर्धा चेहरा लोंबतो. पण ही पारख डॉक्टरांनी करायची. नस सुजली असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्यास चांगला गुण येतो, त्यामुळे तिथेही थांबून फायदा नाही.

माझी बहीण पंचवीस वर्षांची. बाळंतपणाला पंधरा दिवस झाले आणि तिला फिट्स येऊन एक बाजू गेली. इतक्या लहान वयात?

हो, आणि हे आपल्याकडे कमी बोललं जातं. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत रक्त गुठळी धरायला सोपं झालेलं असतं. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होते. आधी वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं, मग फिट्स किंवा हात-पाय जाणं. शरीरातलं पाणी कमी झालं की धोका वाढतो. आणि आपण काय करतो? मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, पत्र्याच्या खोलीत बाळंतिणीला ठेवतो, शेक देतो आणि "पोट सुटेल" म्हणून पाणी मोजून देतो. ही एक रीत मी जाईन तिथे मोडायला सांगते. बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या, आणि तिची डोकेदुखी बाहेरची बाधा समजून उतरवत बसू नका. वेळेवर रक्त पातळ करण्याचं औषध मिळालं तर यातल्या बहुतेक जणी चांगल्या होतात.

मोटारसायकलवरून पडला, पण उठून बसला, बोलला, चहा प्यायला. तरी दवाखान्यात नेलं पाहिजे का?

डोक्याला मार लागून एक क्षण जरी शुद्ध हरपली असेल, उलटी झाली असेल, तेच तेच विचारत असेल, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं असेल, तर न्यायलाच हवं. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत असेल तर माणूस तासभर चांगला बोलतो आणि मग बेशुद्ध पडतो. "झोप आलीय, झोपू द्या" म्हणून झोपवलेली अशी पोरं सकाळी उठत नाहीत. दारू प्यायलेला असेल तर जास्त सावध राहा, गुंगी दारूची की माराची हे घरी कळत नाही.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. न्हाणीत घसरून डोकं आपटलं, तेव्हा काही झालं नाही, आणि दोन-चार आठवड्यांनी चाल अडखळते, बोलणं गोंधळतं, अंथरुणात लघवी होते. सगळे म्हणतात वय झालं. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेलं रक्त हे त्याचं कारण असू शकतं, आणि ते छोट्या ऑपरेशनने काढता येतं.

फाइलवर "जीसीएस" लिहिलेलं असतं, ते बरेच जण विचारतात. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण असतात. १३ ते १५ सौम्य मार, ९ ते १२ मध्यम, ८ आणि त्याखाली गंभीर. १९७४ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली.

हेल्मेटबद्दल एकच सांगते. सोलापूर–धुळे महामार्गाला लागलेल्या गावांतली पोरं "इथेच तर जायचंय" म्हणून डोकं उघडं ठेवतात. माझ्याकडे व्यायामाला येणारी बरीच जणं इथेच जात होती. आणि अपघातातल्या जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना नाव सांगायची सक्ती करू शकत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे. केस अंगावर येईल म्हणून पुढे निघून जाऊ नका.

अपघातानंतर हात-पाय चांगले आले, पण स्वभावच बदलला. शिव्या देतो, विसरतो, कुठे काय बोलावं कळत नाही.

लकव्यात बहुतेकदा एका जागी इजा होते. अपघातात डोकं हादरतं आणि मेंदूचा पुढचा भाग, दोन्ही बाजू, आतल्या तारा असं बरंच काही दुखावतं. कपाळामागचा भाग राग आवरणं, थांबणं, पुढचं ठरवणं ही कामं करतो. त्यामुळे चालता-बोलता तरणा पोरगा घरात परका होऊन बसतो, आणि लोक म्हणतात माजलाय. ही इजा आहे, माज नाही. घरात आवाज कमी ठेवा, एका वेळी एकच काम सांगा, रोजचा क्रम ठरवून भिंतीवर लिहून लावा. पैशाचे व्यवहार काही काळ दुसऱ्याने बघावेत, अशा मुलांना फसवणं फार सोपं असतं. मानसोपचार तज्ज्ञांच्या गोळ्यांचाही उपयोग होतो.

घरी आणलं. पहिले आठवडे काय सांभाळायचं?

पहिल्यांदा बाज बदला. सुंभाची, मधे झोळ पडलेली बाज लकव्याच्या पेशंटला चांगली नाही. कंबर खाली जाते, कुशीवर वळता येत नाही, उठता तर येतच नाही. लाकडी पलंग किंवा दिवाण घ्या. उंची एवढी असावी, की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील.

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा आणि घोटे रोज उजेडात बघा. लाल डाग दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर तिथे जखम सुरू झालीय. त्या जागेवर पुन्हा भार येऊ देऊ नका आणि चोळूही नका. लुळ्या हाताखाली घडी घातलेली वाकळ ठेवा, म्हणजे हात लोंबणार नाही. पायावर जड पांघरूण टाकू नका, त्याच्या वजनाने पाऊल खाली ओढलं जातं आणि पुढे चालताना अंगठा जमिनीला घासतो. एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर मालिश न करता डॉक्टरांना दाखवा. तिथे गुठळी असू शकते.

उठवताना काखेत हात घालून उचलतो. बरोबर आहे का?

नाही, आणि घरोघरी हीच चूक होते. खांद्याचा सांधा मुळात उथळ. त्याला स्नायू धरून ठेवतात. ते लुळे पडले की हात स्वतःच्याच वजनाने खाली सरकतो आणि खांद्याच्या हाडाखाली बोट बसेल एवढी खाच पडते. अशा हाताला धरून ओढलं किंवा काखेतून उचललं की आतलं सगळं ताणलं जातं. मग खांदा दुखायला लागतो, दुखतो म्हणून पेशंट हात हलवू देत नाही, आणि येऊ शकणारा हात आखडून जातो.

बरोबर पद्धत अशी. पेशंटचे गुडघे दुमडा. लुळा हात पोटावर घ्या. चांगल्या बाजूच्या कुशीवर वळवा. दोन्ही पाय पलंगाखाली सोडा. तुमचा एक हात त्यांच्या पाठीमागे खांद्याच्या फऱ्याखाली, दुसरा वरच्या कंबरेवर. आता त्यांना चांगल्या हाताने गादी रेटायला सांगा आणि तुम्ही कंबरेवर खाली दाब द्या. पाय खाली जातात तसं धड वर येतं. बसल्यावर लगेच उभं करू नका. थोडा वेळ बसू द्या, चक्कर येते का विचारा. उभं करताना हात धरू नका, कमरेला पंचा किंवा रुंद पट्टा बांधून तो धरा. सदरा घालताना बाही आधी लुळ्या हातात, काढताना शेवटी.

जेवताना ठसका लागतो. पातळ पातळच देतो, तरी लागतो.

पातळ देता म्हणूनच लागतो. साधं पाणी हा सगळ्यात अवघड घास आहे. ते घशातून पटकन घसरतं आणि दुबळ्या घशाला श्वासनलिका वेळेवर मिटता येत नाही. दाट पदार्थ हळू सरकतो. ज्वारीची दाट आंबील, मऊ खिचडी, दह्यात पूर्ण भिजून मऊ झालेली कुस्करलेली भाकरी, घट्ट वरण. पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, छोटा चमचा, तोंडाच्या चांगल्या बाजूने. आधीचा घास गिळला का, गालात राहिला का, बघून मगच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा आणि तोंड स्वच्छ करा.

जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, वारंवार ताप येत असेल, तर घास फुप्फुसात जातोय. असा न्यूमोनिया लकव्याच्या पेशंटचा जीव घेतो. नाकातली नळी डॉक्टरांनी त्यासाठीच ठेवलेली असते. "घशाला टोचते" म्हणून घरी उपटून टाकू नका. आणि आडव्या माणसाच्या तोंडात पाणी सोडणं, कितीही मायेने असो, कुणालाही करू देऊ नका.

आधी अंग लुळं होतं, आता हात कोपरात वाकून घट्ट झालाय. बिघडतंय का?

बिघडत नाहीये. पहिल्या दिवसांतला लुळेपणा जाऊन काही आठवड्यांत ताठरपणा येणं हा बहुतेकांच्या बाबतीत ठरलेला क्रम आहे. हात वाकतो, मूठ आवळते, पाय मात्र सरळ ताठ होतो आणि पाऊल आत वळतं. पण हात तसाच राहू दिला तर सांधा आणि स्नायू कायमचे आखडतात. मग तळहात धुता येत नाही, नखं रुततात. रोज दोन-तीन वेळा, झटका न देता, सावकाश कोपर आणि बोटं सरळ करून धरून ठेवा. ताठरपणा अचानक वाढला तर कारण शोधा: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठेतरी जखम. त्यावर गोळ्या आहेत, बोट्युलिनम इंजेक्शन आहे, पावलासाठी प्लास्टिकचा स्प्लिंट मिळतो.

आणि तो रबरी चेंडू! प्रत्येक घरात कुणीतरी आणून दिलेला असतो. आवळलेल्या मुठीला आणखी आवळायचा व्यायाम कशाला? बहुतेकांना सराव हवा असतो तो बोटं उघडण्याचा. तांब्या सोडणं, टेबलावर हात पसरणं, कपडा सरळ करणं.

सगळं कळतं त्यांना, पण बोलता येत नाही. "चहा" म्हणायचं तर भलतंच येतं.

बहुतेक माणसांच्या बोलण्याचं केंद्र डाव्या मेंदूत असतं, म्हणून उजव्या अंगासोबत वाचा जाते. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी जो रुग्ण तपासला त्याला "टॅन" एवढंच बोलता यायचं, आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. काहींना कळतं पण बोलता येत नाही, काही घडाघडा बोलतात पण अर्थ लागत नाही आणि ऐकलेलंही उमगत नाही. ओरडून उपयोग नाही, कान शाबूत आहेत. हो-नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारा, वस्तू दाखवा, उत्तरासाठी थांबा. शब्द अडला की लगेच तुम्ही पुरवू नका. गंमत म्हणजे बोलू न शकणारे पुष्कळ जण अभंगाची ओळ सुरात म्हणतात. हरिपाठ येत असेल तर रोज सोबत म्हणा. वाचा-उपचार तज्ज्ञ मोठ्या शहरातच भेटतात, पण महिन्यातून एकदा जाऊन घरचा अभ्यास आणता येतो.

आईची डावी बाजू गेलीय. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि म्हणते, वाढलीच नाही.

तिला दिसतं, पण तिचा मेंदू डावीकडे लक्षच देत नाही. उजव्या मेंदूच्या झटक्यात हे वरचेवर होतं. अर्धी भाकरी संपते, अर्ध्या केसांना फणी लागते, चालताना डावा खांदा चौकटीला धडकतो. हट्ट समजून रागावू नका. ताट फिरवून द्या आणि "डावीकडे बघ" असं प्रत्येक वेळी म्हणा. गप्पा मारायला तिच्या डाव्या बाजूला बसा. पाणी आणि घंटी मात्र उजवीकडे ठेवा. अशा पेशंटला एकटं चुलीजवळ बसवू नका, डावा पदर पेटला तरी कळणार नाही.

बाबा कधीच रडले नव्हते, आता कुणी आलं की रडतात.

काहींचा रडण्या-हसण्यावरचा ताबा मेंदूच्या इजेमुळेच जातो. दुःख नसतानाही रडू फुटतं आणि लगेच थांबतं. पण लकव्यानंतर सुमारे तिघांतला एक जण खरोखरच नैराश्यात जातो. जेवण सोडतो, व्यायामाला "कशाला" म्हणतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. त्यावर औषध आहे आणि ते घेतल्याने व्यायामालाही उभारी येते. आलेल्या पाहुण्यांना त्यांच्यासमोर "आता काही खरं नाही" म्हणू देऊ नका. ते ऐकतात.

थकव्याचंही तसंच. अंघोळ केली की तासभर झोपतात, याला आळस समजू नका. मेंदूला साध्या कामाला आता दुप्पट कष्ट पडतात. व्यायाम सकाळी, थोडा थोडा, मधे विश्रांती देऊन.

किती दिवसांत बरे होतील?

तारीख मी देत नाही, देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने सुधारणा होते, सहा महिन्यांपर्यंत बरीच चालू राहते, पुढे हळू. पण सहा महिन्यांनी दार बंद होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी बोटं उघडलेले पेशंट माझ्याकडे आहेत. पाय साधारणपणे हाताच्या आधी येतो.

आपल्याकडे पेशंट काठी घेऊन संडासपर्यंत जायला लागला की व्यायाम थांबतो. त्या वेळी मेंदू शिकायला सगळ्यात तयार असतो आणि आपण गाडीभाडं वाचवतो. मला हे फार लागतं, कारण हाताचं खरं काम तिथून पुढेच सुरू होणार असतं.

घरच्यांनी शिकून केलं तर चालेल का, हा पुढचा प्रश्न. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पेशंटवर झालेला "अटेंड" हा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, तरी सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन नेहमीच्या उपचारांइतकंच राहिलं. मी यातून एवढं घेते, की घरच्यांना एकदा शिकवून सोडून देणं पुरत नाही. घरचे रोज करतील, पण थेरपिस्टने मधून मधून बघून व्यायाम बदलत राहिलं पाहिजे.

आणि व्यायाम म्हणजे नुसता हात वर-खाली नव्हे. जे काम परत करायचंय तेच तुकड्या-तुकड्यांत करायचं. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, पिशवीची गाठ सोडणं, खुर्चीतून दहा वेळा उठणं. चांगल्या हाताने पटकन उरकून टाकायचा मोह आवरायचा. पहिल्याच दिवशी मात्र जोर करू नका. पहिल्या २४ तासांत फार वेळा, फार जोरात उठवल्याने फायद्यापेक्षा तोटा होतो, हे अभ्यासांत दिसलंय.

पुन्हा झटका येऊ नये म्हणून काय?

गोळ्या. बरं वाटतंय म्हणून त्या बंद करणं हे पुन्हा येण्याचं फार मोठं कारण मी पाहते. बीपी १४०/९० च्या वर राहिलं तर त्रास काहीच होत नाही, वाहिन्या मात्र आतून खराब होत राहतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. बीड, जालना, परभणीकडून दिवाळीनंतर उसाला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत घ्यावी. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ती चिठ्ठी दाखवून पुढच्या मिळतात. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, गेल्यावर गोळी सुटते आणि फेब्रुवारीत झटका येतो.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून एक छोटा चमचा. ठेचा, लोणचं, पापड, खारातल्या मिरच्या यांतच ते संपतं. तंबाखू आणि बिडी सुटायला हवी, आणि बायकांची मिश्रीसुद्धा. "मी तंबाखू खात नाही" म्हणणारी मावशी सकाळी मिश्री लावते, तीही तंबाखूच. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना रक्त पातळ करण्याची वेगळी गोळी लागते, तिच्या तपासण्या चुकवू नका.

गाडी, ट्रॅक्टर चालवता येईल का? वावरात जाता येईल का?

वावरात जा, लवकर जा. बांधावरची ढेकळं मात्र काठीनेही धोक्याची असतात, सुरुवातीला सोबत कुणी असू द्या. गाडी आणि ट्रॅक्टर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाही. एका बाजूचं दिसत नसेल किंवा फिट्स येत असतील तर विहिरीवरही एकट्याने जाऊ नये.

खर्चाचं आणि कागदपत्रांचं काय?

भरती होतानाच महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. आयुष्मान भारतशी जोडल्यानंतर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार त्यात बसतो का आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

साधारण सहा महिन्यांनी प्रकृती स्थिरावली की दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज करता येतो. तपासणी जिल्हा किंवा शासकीय रुग्णालयात होते. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. एसटीच्या साध्या गाडीत तिकिटाला ७५ टक्के सवलत मिळते. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. वाचा गेली असेल किंवा स्मृती बिघडली असेल तर तेही तपासणीत आवर्जून सांगा, नाहीतर डॉक्टर फक्त हात-पाय मोजतात. तपासणीला जाताना सिटी स्कॅनची फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड मूळ न्या, झेरॉक्स वेगळी ठेवा. रांग दुपारपर्यंत चालते, म्हणून सकाळच्या गोळ्या देऊन निघा आणि दाट आंबीलचा डबा सोबत घ्या.